चौथ्या सिलिंडरचं काम

मर्व पोलनरची जुनी होल्डन कोपऱ्यावर वळायच्या आधीच एर्विन नोस्केने चहाचा कप खाली ठेवला. गाडी दिसत नव्हती, पण ऐकू येत होती. सहा सिलिंडरांचं इंजिन. त्यातले पाच ओझं उचलत होते आणि एक जण नुसता हात लावून बरोबर चालला होता.

"मर्व आला," एर्विन म्हणाला.

"आणि एक ऐतखाऊ बरोबर घेऊन आलाय," त्याची बायको वॅल्मे सिंकपाशी पाठमोरी उभी होती, तिथूनच म्हणाली. "ऐक की. दर फेरीला एकाची दांडी."

एर्विनला बरं वाटायला हवं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई भांडी विसळता विसळता गाडीचं दुखणं ओळखते, याहून आणखी काय पुरावा हवा? पण त्याला बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. गेले काही आठवडे हे असंच चाललं होतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई मारतात, मग आपलाच गाल आपल्याला लागत नाही, तसं त्याचं आत कुठेतरी झालं होतं. तो जेवत होता, झोपत होता, रविवारी चर्चला जात होता, लोकांच्या विनोदांना हसतही होता. फक्त काही लागत नव्हतं.

हे इंजिन त्यानेच बांधलेलं होतं, नाताळच्या दिवसांत, म्हणजे या दक्षिणेकडच्या देशात ऐन उन्हाळ्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. डिंबूला गावात एर्विनला न ओळखणारा माणूस सापडलाच, तर तो कालच्या गाडीने आलेला असणार. गावच्या मुख्य रस्त्यावरचं त्याचं गॅरेज विकून बरीच वर्षं झाली, पण जुन्या गाड्यांचे वेडे अजून त्याच्याच शेडकडे वळत. गव्हाच्या मुलखातली ही जर्मन वंशाची माणसं, बोलायला कंजूष आणि कामाला चोख. कौतुक करायची त्यांची रीत म्हणजे तक्रार न करणं. 'नोस्केने बांधलेलं इंजिन' असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे.

आता खरं सांगायचं तर त्या इंजिनांतलं निम्मं श्रेय वॅल्मेचं होतं, आणि गावाला ते माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एर्विनने ओळीने दोन पिस्टन रिंगा मोडल्या. रिंग असते बिडाची, एका जागी चीर असलेली. पिस्टनच्या खाचेत बसवताना जरा जास्त ताणली की कट्‌कन तुटते. एर्विनची बोटं म्हणजे गाजरं. वॅल्मे जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने थोडा वेळ पाहिलं, डबा ठेवला आणि म्हणाली, "दे इकडे, नाहीतर सगळा पगार यातच घालवशील." तेव्हापासून गॅरेजमध्ये एकही रिंग एर्विनने बसवली नाही. उपड्या खोक्यावर बसून, मांडीवर वर्तमानपत्र घेऊन, नुसत्या दोन अंगठ्यांनी ती रिंग उघडायची आणि खाचेत सोडायची. रिंगेवरची टिकलीची खूण वर, आणि पिस्टनच्या तीन रिंगांच्या चिरांची तोंडं तीन दिशांना, एकाखाली एक कधीच नाहीत. तिच्या हातून आलेला पिस्टन एर्विन डोळे झाकून आत ढकलायचा. तपासायचा नाही. वॅल्मेचं काम तपासणं म्हणजे बायकोच्या ताटातल्या भाजीत मीठ आहे का, ते तिच्यासमोर चमच्याने चाखून बघणं. एकदा केलं की घरात आठवडाभर शांतता.

हे एवढं सांगायचं कारण असं की, एर्विनची सगळी भिस्त या इंजिनावर होती.

त्यांची मुलगी लोरेल बॅलरॅटला राहायची. तिचं म्हणणं होतं की आईचं आता ठीक नाही. आई दुकानात गाडी घेऊन गेली आणि चालत घरी आली. आईने फोनवर लोरेलला दोनदा ग्लेनिस म्हणून हाक मारली, आणि ग्लेनिस म्हणजे आईची बहीण, तिला जाऊन जमाना झाला. एर्विनकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. गाडी विसरली, कारण वाटेत पास्टर भेटले. ग्लेनिस म्हणाली, कारण लोरेलचा आवाजच मावशीवर गेलाय. शेवटी लोरेलने फोनवर स्पष्टच सांगितलं. हॉर्शमच्या बाहेर जो वृद्धाश्रम आहे, तिथे एक खोली रिकामी होतेय. एकीची. सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचंय.

"आणि मी?" एर्विनने विचारलं होतं.

"बाबा, तू ठणठणीत आहेस. तुला कसं घेतील? जोडप्यांच्या खोल्या आहेत, पण दोघांनाही गरज असेल तरच. तू रोज भेटायला जा ना. अर्ध्या तासावर तर आहे."

त्यावर एर्विनने आपला हुकमाचा पत्ता टाकला. "नाताळात तिने मर्वच्या इंजिनाच्या सगळ्या रिंगा बसवल्या. सगळ्या. डोकं जागेवर नसलेल्या बाईला जमतं ते? तुला जमेल? तुझ्या डॉक्टरला जमेल?"

लोरेल गॅरेजमध्येच लहानाची मोठी झालेली पोर. हा पुरावा डॉक्टरांच्या कागदापेक्षा भारी आहे, हे तिलाही कळत होतं. "बरं," ती म्हणाली, "रविवारी येते. मग बोलू." फोन ठेवला. तिने हा विषय पहिल्यांदा काढला तेव्हापासूनच एर्विनला काही लागेनासं झालं होतं.

आणि आज शुक्रवारी तेच इंजिन लंगडत दारात आलं.

मर्व उतरला. हा एर्विनचा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त शेतकरी, पोट गाडीच्या आधी शेडमध्ये शिरणारा. "गड्या, हॉल्स गॅपच्या चढाला मला घर पाठीवर घेतलेल्या एका कॅराव्हॅनने मागे टाकलं," तो म्हणाला. "कॅराव्हॅनने! आतली म्हातारी विणकाम करत होती आणि तिने मला हात केला. मी आता जुन्या गाड्यांच्या क्लबात तोंड कसं दाखवू?"

"आजवर दाखवलंस तसंच," एर्विन म्हणाला. "बॉनेट उघड."

सगळे स्पार्क प्लग काढले. मर्वने गाडीत बसून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. एर्विनने एकेका भोकात दाब मोजायचं घड्याळ टेकवायचं. पहिल्याचा काटा एकशेवीसला गेला. दुसऱ्याचा तिथेच. तिसऱ्याचा जरा वर. चौथ्याचा काटा सत्तरपर्यंत चढला आणि तिथेच बसला. पाचवा, सहावा पुन्हा एकशेवीस.

"कितीला?" मर्वने आतून विचारलं.

"तू पाय नीट दाबला नव्हतास."

"माझा पाय पत्र्यातून खाली रस्त्याला लागलाय, लेका."

"परत मार."

परत सत्तर. एर्विनने घड्याळाचा रबर बदलला. बॅटरी बदलली. तिसऱ्यांदाही सत्तर. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. एर्विनजवळच्या काड्या संपत आल्या होत्या. पण एक मोठी काडी अजून होती, ती म्हणजे व्हॉल्व्ह. हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचं, सगळं काम त्याचं एकट्याचं होतं. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर दाब तिथून निसटणार, आणि मग चूक त्याची. आयुष्यभर ज्या माणसाने आपल्या कामात खोट निघू नये म्हणून जिवाचा आटापिटा केला, तो आज मनापासून इच्छा करत होता की खोट आपलीच निघावी.

त्याने वरचं झाकण काढून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटांची फट मोजली. जितकी फट हवी तितकीच होती. केसभरही इकडेतिकडे नाही.

"जरा तेल घालून बघ ना," मर्व म्हणाला. एवढं तर शेतकऱ्यालाही माहीत असतं. सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं. काटा वाढला तर रिंगा गळतायत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजते. नाही वाढला तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये.

"थांब. आधी हवा भरू."

एर्विनने चौथ्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची नळी लावली. व्हॉल्व्ह गळत असेल तर हवा सायलेन्सरमधून नाहीतर कार्बोरेटरमधून बाहेर यायला हवी. "सायलेन्सरला कान लाव," त्याने मर्वला सांगितलं. मर्व कण्हत गुडघ्यांवर बसला, मग पोटावर झोपला.

"काही ऐकू येतंय?"

"रविवारच्या प्रवचनात जेवढं ऐकू येतं तेवढंच."

एर्विनने कार्बोरेटरला कान लावला. शांत. मग तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढलं, आणि तिथून बारीक, सलग फुसफुस आली. म्हणजे हवा खाली जात होती. पिस्टनच्या कडेने.

तेल घालायची खरं तर आता गरज नव्हती. तरी त्याने घातलं. मर्वने सेल्फ मारला. काटा सत्तर ओलांडून एकशेदहावर गेला आणि तिथे थांबला. घोडं कुठे पेंड खातंय ते दोघांनाही दिसलं.

मर्व गाडीतून उतरून काटा बघायला आला होता. त्याने एर्विनकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीकडेही पाहिलं नाही. शेडच्या छताकडे बघत म्हणाला, "राहू दे ना गड्या. पाच ओढतायत. मला काय या वयात शर्यत लावायचीय? प्रदर्शनाला न्यायची, परत आणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मर्व हे गाडीसाठी नाही, वॅल्मेसाठी बोलतोय हे एर्विनला कळलं. मोह झाला नाही असं नाही. इंजिन उघडलं नाही, तर सोमवारपर्यंत त्याचा हुकमाचा पत्ता शाबूत होता. लोरेलला कोण सांगणार होतं? पण बिघडलेलं इंजिन माहीत असून परत देणं त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं. "उद्या उघडतो," तो म्हणाला. "मी एकटाच. तू रविवारी चर्च झाल्यावर ये."

शनिवारी सकाळी वॅल्मे शेजारी केक द्यायला गेली तशी त्याने हेड उतरवलं. खालचं तेलाचं चेंबर काढलं. चौथ्या पिस्टनचे बोल्ट सोडले आणि हातोडीच्या दांड्याने पिस्टन खालून हळूहळू वर सरकवला.

सगळ्यात वरची खाच रिकामी होती. 

रिंग तुटलेली नव्हती, उलटी नव्हती. नव्हतीच. खाच स्वच्छ पुसलेली होती, तिच्यात तेलाचं बोट फिरवलेलं होतं, आणि खालच्या दोन रिंगा टिकली वर आणि तोंडं दोन दिशांना अशा नेटक्या बसलेल्या होत्या. सगळं केलं होतं. फक्त रिंग बसवायची राहिली होती. नवशिक्याची चूक अशी नसते. नवशिका धसमुसळेपणा करतो. ही चूक म्हणजे हात आपलं काम करत राहिले आणि मधेच घरातलं माणूस उठून गेलं, असं झालं होतं.

एर्विनने पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवला. त्याला काहीच वाटलं नाही. आता रडू यायला हवं, असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. मग त्याने मिस्त्रीला जे करता येतं ते केलं. रिंग शोधायला लागला. रिंग इंजिनात नाही म्हणजे बाहेर आहे. रिंगांचं रिकामं खोकं पाहिलं, कपाट पाहिलं, बाकाखाली हात घालून पाहिला. नाही.

दुपारी जेवायला बसले. मेटवुर्स्ट सॉसेजचे काप, ब्रेड, लोणच्याची काकडी. मागून कस्टर्ड. वॅल्मे कोठीतून जर्दाळूची बरणी घेऊन आली. दर उन्हाळ्यात ती आपल्या झाडाचे जर्दाळू पाकात घालून बरण्या भरायची; मोसमात स्वयंपाकघरात बरण्या आणि शेडमध्ये पिस्टन, दोन्हींकडे तिचे हात एकाच वेळी चाललेले असत.

"हे बघ," ती बरणी त्याच्यापुढे धरून म्हणाली. "नासली. बुरशी आलीय. मी सांगत होते, स्वस्तातले रबर आणू नकोस म्हणून. झाकण धरतच नाही."

बरणीच्या गळ्याभोवती, जिथे झाकणाखाली लाल रबराची चकती असते, तिथे पिस्टनची रिंग होती. काळी, तेलकट, गळ्यावर अगदी नेमकी बसलेली. टिकली वर. त्यावर पत्र्याचं झाकण, आणि झाकणावर स्टीलची चाप.

"धरत नाही," एर्विन म्हणाला.

"मग? तरी तू ऐकशील तर शपथ."

"दे. कोंबड्यांना घालतो."

"नासकं घालू नकोस त्यांना, मरतील. ग्लेनिसच्या मेल्या होत्या."

"बरं, पुरतो."

त्याने बरणी शेडमागे नेली. चाप काढली, झाकण काढलं, रिंग अलगद उघडून काढून घेतली, रॉकेलने धुतली, पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग खड्डा खणून जर्दाळू पुरले. माती ओढताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ही रिंग दोन मिनिटांत जागेवर बसवता येईल. इंजिन बंद करता येईल. उद्या विचारलंच तर हेडचं गॅस्केट गेलं होतं असं सांगता येईल. मर्व काही बोलणार नाही.

पण त्याने काय होणार होतं? लोरेल आज नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा येणार. पुढची बरणी तिलाच सापडणार. आणि खोटं बोलून आपण फक्त सोमवार पुढे ढकलू, वॅल्मेला एकटीला तिकडे नेण्यासाठी कधीतरी गाडी येणारच. हे त्याने अगदी शांतपणे, एखाद्या परक्याच्या गाडीबद्दल विचार करावा तसं लक्षात घेतलं. पिस्टन त्याने तसाच वर्तमानपत्रावर राहू दिला.

रविवारी चर्चनंतर मर्व आला आणि त्याच्या मागोमाग लोरेलची गाडी आली. लोरेल दिवसभर गाडी चालवून दमल्यासारखी दिसत होती, खरं तर तिचा प्रवास एवढा लांबचा नव्हता. तिने आईला मिठी मारली. वॅल्मे म्हणाली, "किती बारीक झालीस गं," आणि आपण कुणाशी बोलतोय ते तिला नक्की माहीत होतं की नाही, ते कुणालाच कळलं नाही. वॅल्मे चहा टाकायला आत गेली. लोरेल सरळ शेडमध्ये आली. उघडं इंजिन बघून थबकली.

"हे तेच ना, बाबा? मर्वकाकाचं?"

"तेच."

"का उघडलंस?"

"एका सिलिंडरमध्ये दाब नव्हता."

लोरेल वाकली. गॅरेजची पोर; पिस्टन हातात घेऊन फिरवला, आणि बोट आपोआप वरच्या खाचेवर जाऊन थांबलं. तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला बरं वाटतं म्हणतात; कुणाला वाटतं देव जाणे. तिला वाटलं नव्हतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तू म्हणाला होतास ना, की आईने सगळ्या रिंगा..."

"ही नाही," एर्विन म्हणाला.

"म्हणजे?"

"त्या दिवशी ती जर्दाळू भरत होती. चौथ्याच्या मी लावल्या. वरची राहिली." त्याने खिशातून रिंग काढून दाखवली. "काल कपाटाखाली सापडली. मीच विसरलो."

मर्व तोंड उघडून म्हणाला, "तू? पण रिंगा तर वॅल्..." एर्विनने त्याच्याकडे पाहिलं. शाळेपासूनची ओळख; मर्वने तोंड मिटलं, घसा खाकरला, आणि म्हणाला, "म्हातारा झालाय लेकाचा. मला केव्हापासून वाटतंय. परवा तर माझं नाव विसरला."

हे शेवटचं त्याने आपल्या पदरचं घातलं होतं. मित्र असावा तर असा.

"कोण विसरला रिंग?" दारात वॅल्मे उभी होती, हातात चहाचा ट्रे. "हा? याने लावल्या?"

"मी लावल्या, वॅल."

वॅल्मेने ट्रे बाकावर आदळला. चहा सांडला. "इतकी वर्षं सांगतेय मी या माणसाला! रिंगांना हात लावायचा नाही! बोटं बघा याची, गाजरं! दोन मोडल्या होत्यास, आठवतंय का, की तेही विसरलास? आणि मर्व बिचारा गाडी घेऊन गेला विश्वासाने. लाज नाही वाटली?"

वाटली. एर्विनला खरोखर लाज वाटली, कानांच्या पाळ्या तापवणारी, भर चौकात अंगावरचे कपडे उतरल्यासारखी. उद्या दुपारपर्यंत अख्ख्या डिंबूलाला कळणार होतं की नोस्के रिंग विसरला. कुणी तोंडावर बोलणार नव्हतं, फक्त यापुढे त्याच्या दारात कुणी गाडी आणणार नव्हतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा त्याला काही लागलं होतं, आणि चांगलंच लागलं.

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं म्हणे. सरक तिकडे. खोकं कुठंय माझं?"

मर्वने खोकं उपडं करून दिलं. वॅल्मे त्यावर बसली, पिस्टन मांडीवर घेतला आणि न बघता हात पुढे केला. एर्विनने तिच्या तळव्यावर रिंग ठेवली. तिने नखाने टिकली शोधली, ती वर केली, दोन अंगठे चिरेत घातले, रिंग हवी तेवढीच उघडली आणि खाचेत सोडली. मग तोंड फिरवून तिसऱ्या दिशेला नेलं. तिला कपात साखर ढवळायला याहून जास्त वेळ लागला असता.

लोरेल आईकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती, आणि त्या नजरेत आता जी काळजी होती, ती एर्विनने या आधी फक्त वॅल्मेच्या वाट्याला गेलेली पाहिली होती.

"बाबा, असं कधीपासून होतंय तुला?"

इथे त्याला हसून टाकता आलं असतं. "बरेच दिवस झाले," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली." हे मात्र शब्दन्‌शब्द खरं होतं. बोलता बोलता त्याचा आवाज फुटला, डोळे भरून आले, आणि ते लपवायचं त्याला सुचलंच नाही.

लोरेलने त्याची बाही धरली. "मी उद्या त्यांना फोन करते. एकीच्या खोलीला नको म्हणून सांगते. दोघांचं विचारते. तुझीही तपासणी करून घेऊ. चालेल?"

"चालेल."

"काय कुजबुजताय?" वॅल्मेने तयार पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवला आणि हात पुसले. "आणि तू, इकडे ये. पाचवाही काढ. एक चुकलास म्हणजे बाकीच्यांतही घोळ घातला असशील. मी बघते एकेक."

पाचव्यात काही खोट नव्हती. काटा स्वच्छ एकशेवीसला गेला होता, एर्विनने स्वतः पाहिला होता.

"काढतो," एर्विन म्हणाला, आणि पाना घेऊन गाडीखाली सरकला.